काकूंची पाच मांजरं आणि बाबांचे वाफे

बाबांनी सांबार तिसऱ्यांदा पेरला तेव्हा माय दारातूनच म्हणाली, "आता हे बी मांजरायच्या नावानंच पेरा. आपल्या वरणात तर काई पडत नाई."

कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात. पहिला पेरा उगवायच्या आधीच उकरला गेला होता. दुसरा उगवला, दोन-दोन पानांवर आला, आणि एका सकाळी पाहावं तर अर्धा वाफा उलथापालथा आणि मधोमध घाण. मी तण काढायला हात घातला आणि तो नेमका त्या घाणीत गेला. शाळेत निघायची वेळ झालेली. हात तीनदा साबणानं धुतला तरी दिवसभर खडू धरताना मला तो वास येत होता.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. अकोल्यातल्या मुलींच्या एका प्राथमिक शाळेत मला नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि बाबांना रेल्वेतून निवृत्त होऊन चार महिने. आयुष्यभर ते मूर्तिजापूरला सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर जाईल ते सांधा ओढून ठरवायचं, हे त्यांचं काम. तिथं आमच्या खोलीपुढे खडी पसरलेली असे. गवती चहाची एक काडीसुद्धा त्या खडीत धरली नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंना मात्र काळीभोर वावरं. कपाशी, तूर, ज्वारी. बाबांचे वडील तसल्याच वावरांत दुसऱ्याकडे राबले होते. बाबांनी तीस वर्षं ती पिकं झेंडी हातात धरून लांबून पाहिली.

त्यामुळे अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांच्या मागे दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी मोकळी जागा मिळाली, तेव्हा बाबा खोल्या पाहायच्या आधी मागच्या दारानं बाहेर गेले. खाली वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. "इथी राहू," ते म्हणाले. घर शोधताना आम्ही बरंच ऐकून घेतलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण "कोन लोक तुमी?" हा प्रश्न जुनाच होता. या घराचे मालक निवृत्त शिक्षक होते. मी शाळेत शिकवते हे ऐकल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

बाबांनी ती जागा कुदळीनं खणली. दगड, खापऱ्या, काचा वेचल्या. ढेकळं हातानं फोडली. शेणखत आणून मिसळलं आणि शेवटी सगळी माती जुन्या चाळणीतून चाळली. वाफे असे झाले की हात ठेवला तर पिठात ठेवल्यासारखा वाटावा. एवढी मऊ, कोरडी, भुसभुशीत जागा अख्ख्या गल्लीत दुसरीकडे नव्हती, आणि शेजारच्या मांजरांना ते आमच्या आधी कळलं.

मांजरं पाच होती आणि ती शेजारच्या काकूंची होती. काकू विधवा, एकट्या. बार्शीटाकळीकडे त्यांचं वावर होतं, ते त्यांचे दीर पाहायचे. इथं घरामागे गोठा, गोठ्यात एक गाय, आणि त्या गाईच्या दुधावर वाढलेली ही पाच मांजरं. एक पांढरी, दोन करड्या बहिणी, एक तीनरंगी आणि कान फाटलेला एक दांडगा बोका. दोन्ही घरांच्या मध्ये तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण होतं. माणसाला ते कुंपण वाटे, मांजरांना नाही.

"जाऊन सांगा त्या बाईले," माय म्हणाली.

"सांगून काय होईन?" बाबा म्हणाले. "थे मांजरायले सांगन का?"

ते गेले नाहीत, म्हणून मी गेले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि वर्गातल्या चाळीस मुली माझं ऐकत होत्या, त्यामुळे कुणीही ऐकेल असा माझा समज होता. काकूंनी दार अर्धंच उघडलं. मी सगळं नीट सांगितलं. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

"हे पाय पोरी," त्या म्हणाल्या, "आमच्या वावरात हरनं येतात. पीक खाऊन जातात. आमी काय हरनाचा मालक शोधत फिरतो का? जनावर हाये थे. त्याले कुंपन समजत नाई. तुमी यायच्या आधी तठी नुसतं गवत होतं, कोनाचं काई बिघडत नव्हतं."

"पण काकू, आता तिथं आम्ही..."

"मंग राखा ना आपलं." आणि दार लागलं.

मी घरी आले ती रडवेली होऊन. तुम्ही यायच्या आधी, हे शब्द मला फार लागले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर बोलली बाई. राखण आपल्यालेच केली पायजे."

मला त्यांचा राग आला. आज लिहिताना वाटतं, त्या वाक्यात त्यांनी काकूंच्या बोलण्यातला टोचणारा भाग बाजूला ठेवला होता आणि उपयोगाचा तेवढा घेतला होता. मला ते आजही जमत नाही.

सल्ले पुष्कळ आले. घरमालक म्हणाले, कुत्रा पाळा. शाळेतल्या एका बाई म्हणाल्या, वाफ्यांवर तिखट टाका. मायला ते पटलं. एका सकाळी तिनं मूठभर मिरचीपूड घेऊन वाफ्यांवर उधळली आणि नेमका वारा फिरला. माय डोळे धरून मटकन खाली बसली, मी पाण्याची घागर घेऊन धावले, आणि कुंपणाच्या खांबावर बसलेला फाटक्या कानाचा बोका हे सगळं शेवटपर्यंत पाहत राहिला.

त्याच आठवड्यात माय गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात गेली आणि तिथं तिनं मांजरांचं गाऱ्हाणं सांगितलं. दुकानदारानं इकडेतिकडे पाहून एक पुडी पुढे केली. उंदरांचं औषध होतं. "दुधात टाकून ठेवा माय. दोन दिवसात सारं शांत." मायनं पुडी घेतली नाही, पण घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "लोकं अशेबी करतात म्हणे."

बाबा वाफ्याला पाणी देत होते. झारी खाली ठेवून ते आत आले.

"रोज संध्याकाळी आपुन पयलं शील म्हणतो ना, कोनाचा जीव घेनार नाई म्हनून? हात जोडून?"

माय पदराला हात पुसू लागली.

"मंग सकाळी उठून मांजराले औषध घालाचं? पुन्हा असं घरात बोलू नोको."

आवाज चढवला नाही, पण बाबांना तेवढ्या कडक स्वरात बोलताना मी फार क्वचित ऐकलं आहे. मायचं तोंड उतरलं. मग थोड्या वेळानं त्यांनीच तिला विचारलं, "चहा टाकतेस का?" आणि तो विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी वेगळंच काम सुरू केलं. सकाळी मागच्या दारापाशी पाट टाकून ते बसायचे. मांडीवर माझ्या शाळेतली एक अर्धी कोरी वही आणि कानाला पेन्सिल. बाबा तिसरीपर्यंतच शिकले होते, पण नोकरीत वेळा लिहून ठेवायची सवय होती आणि अक्षर टपोरं होतं. मी शाळेत जाताना ते बसलेले असत. दुपारी आले तरी बऱ्याचदा तिथंच असत.

एका रविवारी मी ती वही उघडली. 'पांढरी, सव्वासहा. वाफा दोन. वास घेतला, गेली.' 'करडी, साडेसहा. वाफा एक. माती ओली, बसली नाही.' 'बोका, आठ. मेथी. बसला.' पानांमागून पानं असं लिहिलेलं. मला हसू आलं.

"हसतेस काहून?" बाबा म्हणाले. "गाडी कवा येते हे मालूम नसन तर सांधा कसा ओढशीन?"

आणि मग त्यांनी मला काय दिसलं ते सांगितलं. एखादा अभ्यासू माणूस बोलेल तसं, बोटांवर मोजत. मांजर दूध पिऊन झाल्यावर येतं. ओल्या मातीत बसत नाही. पायाला काही टोचलं की पाय झटकून निघून जातं. जिथं एकदा बसलं तिथला वास घेऊन पुन्हा तिथंच येतं. आणि बसण्याआधी खड्डा करतं, नंतर झाकतं, म्हणजे त्याला माती उकरता येईल अशीच लागते.

"म्हणजे जनावर सोच्छ हाये," ते म्हणाले. "त्याले उघड्यावर घान करायची लाज वाटते. गल्लीत सारी जमीन कडक. मंग थ्यानं जावं कुठी? आपल्याच वाफ्यात येईन."

त्यांच्या बोलण्यात त्या मांजरांविषयी चक्क कौतुक होतं. ज्यांनी दोनदा सांबार उधळला, त्यांच्याविषयी.

मग उपाय सुरू झाले. वाफ्यांना पाणी ते सकाळी द्यायचे, ते दिवस मावळताना देऊ लागले, म्हणजे पहाटे माती ओलसर राहावी. चुलीसाठी आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यांनी सारख्या तोडल्या आणि वाफ्यांवर उभ्या-आडव्या अशा टाकल्या की रोपाला मधून वर यायला जागा मिळावी आणि मांजराला बसायला मिळू नये. घरमालकांनी बाभळीचे काटे सुचवले होते. बाबा म्हणाले, "नाई. पायात मोडला तर थे जनावर लंगडन."

संत्र्यांचे दिवस होते. अमरावतीकडची संत्री बाजारात आली होती आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली ती खायच्या. कुणीतरी सांगितलं की मांजरांना संत्र्याच्या सालीचा वास खपत नाही. मी वर्गात टोपली ठेवली आणि रोज ती भरून साली घरी आणू लागले. चार मांजरं त्या वासानं खरंच लांब राहिली. फाटक्या कानाचा बोका मात्र तिसऱ्या दिवशी त्या सालींवर अंग पसरून ऊन खात पडलेला दिसला.

"ह्याले नाक नाई," माय म्हणाली.

एवढं करून वाफे निम्मे वाचले. पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. नुसतं हाकलून चालणार नाही, त्यांना जायला जागा पाहिजे, असं ते म्हणत होते. एका सकाळी ते पोतं घेऊन मोर्णेवर गेले आणि कोरडी रेती भरून डोक्यावर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुंपणाच्या कडेला, कडुलिंबाखाली, हातभर रुंद आणि दीड हात लांब असा उथळ खड्डा त्यांनी खणला आणि त्यात ती रेती भरली. मग वाफ्यातली घाण मातीसकट फावड्यानं उचलून त्या रेतीत नेऊन टाकली. वासावरून त्यांना जागा कळावी म्हणून.

मायनं कपाळावर हात मारला. "माय व! दुसऱ्याच्या मांजरायले संडास बांधून रायला हा मानूस!"

पण मांजरं तिथं जाऊ लागली. आधी पांढरी, मग करड्या बहिणी जोडीनं. बाबा रोज सकाळी खुरपं आणि घमेलं घेऊन ती रेती साफ करायचे. घाण उचलून लांब, उकिरड्यावर नेऊन पुरायचे आणि वरून नवी रेती पसरायचे. साफ राहिली नाही तर मांजर तिथं येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पाहवेना. एका सकाळी शाळेची पिशवी खांद्याला अडकवून मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मनातलं बोलून टाकलं.

"बाबा, गावाची मेलेली ढोरं ओढायची कामं आपण आत्ता कुठे सोडली. आजोबांच्या अंगाला तो वास होता, तुम्हीच सांगता. आणि आता तुम्ही त्या बाईच्या मांजरांची घाण उपसता? तिनं मला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही."

ते उकिडवे बसले होते. खुरपं रेतीत खोचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"थे काम आपल्यावर टाकलं होतं," ते म्हणाले. "तुह्या आज्याले नाई म्हनता येत नव्हतं. म्या हे काम सोता ठरवलं. उद्या वाटलं तर नाई म्हनीन. कोन इचारनार हाये मले?"

"लोक पाहतात, बाबा."

"पाहू दे. मले माह्या सांबारासाठी करायचं हाये."

मी पाय आपटत शाळेत गेले. वाटेत पुलावर थांबून मी खालच्या पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या उत्तरात मला काही चूक सापडेना, आणि तरी मला ते मान्य होईना. असं बरेच दिवस चाललं.

बोका शेवटी कसा वळला तेही सांगते. बाबांच्या लक्षात आलं की मेथीच्या वाफ्याकडे जाण्याआधी तो नेमानं एका खांबाशी थांबतो आणि शेपटी उभी करून त्यावर मुततो. बाबांनी आठवडाभर तो खांब रोज रिठ्याच्या पाण्यानं धुतला आणि मेथीच्या कडेला भिजवलेलं पोतं अंथरलं. नवव्या दिवशी वहीत नोंद झाली. 'बोका, सव्वाआठ. रेती.' ती नोंद त्यांनी मला आणि मायला वाचून दाखवली. मायनं त्या दिवशी शिरा केला, कशासाठी ते मात्र तिनं कबूल केलं नाही.

सांबार उगवला. मेथी दाट आली, पालकाची पानं हाताएवढी झाली. आणि त्याच सुमारास ती सकाळ आली.

सुट्टीचा दिवस होता. कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. "ओ रेल्वेवाले! बाहेर या!"

आम्ही तिघंही बाहेर आलो. काकू कुंपणाला धरून उभ्या होत्या. डोळे लाल, केस विस्कटलेले. त्यांच्या मागे गल्लीतली सात-आठ माणसं जमली होती. किराणा दुकानदार त्यांत होता.

"माही तीनरंगी दोन दिवसापासून घरी नाई. काय घातलं तिले?"

"काही नाई घातलं, बाई," बाबा म्हणाले.

"खोटं बोलू नोका! तुमच्या बाईनं औषध इचारलं दुकानात. हा सांगून रायला."

दुकानदार दुसरीकडे पाहू लागला. माय पुढे आली. "म्या इचारलं? तूच त पुडी काढली होती! तोंड वर करून सांग!"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "यायच्या लोकाईले घर देऊ नये म्हणलं होतं म्या." माझ्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. बाबांनी त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काकूंशीच बोलत होते.

"बाई, तुमी आत या. सोता पाहा."

काकू आमच्या आवारात कधी आल्या नव्हत्या. क्षणभर त्या घुटमळल्या. मग कुंपणाच्या चार तुराट्या बाजूला सारून आत आल्या. बाबांनी त्यांना पऱ्हाट्या दाखवल्या, साली दाखवल्या, कडुलिंबाखालची रेती दाखवली. नेमकी त्याच वेळी एक करडी तिथं येऊन बसली आणि एवढ्या माणसांकडे पाठ करून आपलं काम आटोपून गेली. काकू त्या रेतीकडे पाहत राहिल्या.

"हे कोन साफ करते?"

"मी."

मग बाबांनी मला वही आणायला सांगितलं. त्यांनी पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं. "तीनरंगी. परवा, दुपारी बारा. रेती. मंग कुंपनावरून परत, गोठ्याच्या माळ्यावर. काल बी तसंच. बारा वाजता, पाच मिनिटं, आन् परत माळ्यावर." त्यांनी वही मिटली. "पोट खाली उतरलं होतं तिचं, बाई. पंधरा दिवसापासून म्या लिवून ठिवलं हाये. कुठी गेली नाई थे. तुमच्याच गोठ्यावर व्याली असन."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. गाभण आहे हे त्यांना माहीत होतं, पण अजून वेळ आहे असं त्या धरून चालल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना शिडी चढता येत नव्हती, म्हणून माळ्यावर कुणी पाहिलंच नव्हतं.

"मी चढते," मी म्हणाले.

मी पदर खोचला आणि काकूंच्या घरातून गोठ्यात गेले. ज्या दारातून मला आत घेतलं नव्हतं त्याच दारातून गेले, पण त्या क्षणी हे माझ्या मनातही आलं नाही. गाय शिडीशेजारी रवंथ करत होती. वर कडबा रचलेला, धूळ आणि वाळल्या ज्वारीचा वास. कोपऱ्यात, कडब्याच्या दोन पेंढ्यांच्या मध्ये, ती तीनरंगी आडवी पडली होती. मला पाहून तिनं कान मागे घेतले. तिच्या पोटाशी ओलसर काहीतरी हलत होतं. मी एक-एक करून मोजलं.

"चार हायेत!" मी वरून ओरडले. वर्षभर मास्तरीण म्हणून शुद्ध बोलायचा सराव केला होता, तो त्या एका ओरडण्यात गेला.

खाली काकू गोठ्याच्या ओट्यावर मटकन बसल्या आणि रडू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि दाराशी जमलेल्यांना म्हणाल्या, "जा रे आपापल्या घरी. काय पाहून रायले?" दुकानदाराला मात्र त्यांनी हाक मारून थांबवलं आणि त्याला त्या जे बोलल्या ते मला इथं लिहिता येणार नाही.

बाबांना त्या काहीच बोलल्या नाहीत. क्षमा मागितली नाही. बाबांनी तिची वाट पाहिल्याचंही मला दिसलं नाही. ते परत येऊन पालकाची खालची पानं खुडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागे आले तर कडुलिंबाखाली काकू बसल्या होत्या. स्वतःचं खुरपं, स्वतःचं घमेलं. त्या रेती साफ करत होत्या. बाबा त्यांचं खुरपं हातात घेऊन चार पावलांवर उभे होते.

"राहू द्या, बाई. मी करतो."

"माही मांजरं हायेत," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तुमी तुमचं वावर पाहा."

त्यांनी आमच्या त्या एवढ्याशा जागेला वावर म्हटलं. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं. ते वाफ्याकडे वळले.

त्यानंतर आम्ही त्या घरात असेपर्यंत ती रेती काकूंनीच साफ केली. रोज. पावसाळ्यात तिच्यावर त्यांनी जुन्या पत्र्याचं छप्परही टाकून घेतलं. त्या काही एकदम गोड झाल्या नाहीत. तोंड फटकळ होतं ते तसंच राहिलं, आणि आमच्या घरचं पाणी प्यायला त्यांना आणखी दीड वर्ष लागलं. एका उन्हाळ्यात, दुपारी, त्या कुंपणापाशीच उभ्या राहून मायला म्हणाल्या, "थंड हाये का व मडक्यातलं? दे गलासभर." मायनं दिलं. पण दुसरीकडे, बार्शीटाकळीहून आलेलं वालाचं आणि दोडक्याचं बियाणं त्या दरवर्षी आधी बाबांच्या हातावर ठेवायच्या, आणि कोणता वाल कुठे लावायचा यावरून दोघांचा वाद व्हायचा. काकूंना शेतीतलं कळत होतं. बाबांना ते मान्य होतं आणि ते मान्य करायला त्यांना कमीपणा वाटत नसे. त्या बाईच्या कष्टाळूपणाविषयी ते मायजवळ नेहमी बोलायचे. "एकटी हाये, पन गायीचं शेन कवा दुपारपर्यंत पडलेलं पाहिलं नाई," असं.

पुढे माझी अमरावतीला बदली झाली. तिथं मिळालेल्या घरामागे फरशी होती. बाबा काही दिवस त्या फरशीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होते. खूप वर्षांनी आता मला उमगतं की मी त्यांना त्या काळात बरंच विचारायला हवं होतं आणि थोडंच विचारलं. एकदा मात्र विचारलं होतं. ती गर्दी जमली होती त्या सकाळी राग नाही आला का, असं.

"आला ना," ते म्हणाले. "लय आला. दोन दिवस जेवन गेलं नाई."

मला ते ठाऊकच नव्हतं. मी त्यांच्या समोरच बसून जेवले असेन ते दोन दिवस. तोपर्यंत मी समजत होते की बाबांचा स्वभावच थंड आहे, त्यांना काही लागत नाही. त्यांना सगळं लागत होतं. वहीत मांजरांच्या वेळा लिहिणारा तो माणूस स्वतःच्या मनातलं मात्र कुठे लिहीत नव्हता.

माझ्या अमरावतीच्या शाळेत मैदानाच्या कडेला एक पडीक पट्टा होता. बाबांनी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून तो मागून घेतला. सातवीच्या मुलींना घेऊन त्यांनी तिथं भेंडी आणि चवळी लावली. मुली त्यांना आबा म्हणत. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून कुरकुरणाऱ्या एका मुलीला ते हाताला तेल लावून कशी तोडायची ते दाखवत होते, अशी त्यांची एक आठवण माझ्याकडे आहे. टोपी डोळ्यांवर ओढलेली, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, आणि भोवती कोंडाळं करून बसलेल्या दहा-बारा मुली, सगळ्यांचे हात तेलकट.